व्यावसायिक इमारतींतील प्रसाधनगृहे: आराखड्यात शेवटी उरलेली जागा

काटकोन (धागाकर्ती)

कार्यालये, दुकानसंकुले, चित्रपटगृहे, रुग्णालये अशा इमारतींचे आराखडे करताना एक गोष्ट सातत्याने दिसते. प्रवेशदालनाच्या फरशीवर बैठकांमागून बैठका होतात, दर्शनी काचेचे नमुने उन्हात ठेवून पाहिले जातात. प्रसाधनगृह मात्र जिना, लिफ्ट आणि विजेची खोली बसवून झाल्यावर जो कोपरा उरतो त्यात ढकलले जाते. पुढे त्याच कोपऱ्याला महागड्या टाइल लावल्या आणि आरशामागे दिवे बसवले की त्याचे डिझाइन झाले, असे समजले जाते. माझे म्हणणे असे की प्रसाधनगृह चांगले होणार की वाईट, याचा निकाल टाइल निवडण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. सांडपाण्याचा उभा नळ कुठून उतरणार, हवा कुठून येणार आणि सफाई करणारी व्यक्ती आत वाकणार-उठणार कशी, हे ठरते तेव्हाच तो लागतो. त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा.

प्रवेशापासून सुरुवात करते. दार उघडल्यावर बाहेरून आतले काय दिसते, हे नकाशावर पट्टी ठेवून मिनिटभरात तपासता येते, पण तपासले क्वचितच जाते. भिंत आड असली तरी आरसा दगा देतो. बेसिनवरचा आरसा दाराच्या तिरक्या रेषेत आला की युरिनलची सगळी रांग मार्गिकेतून दिसू लागते. मोठ्या विमानतळांवर दारच न ठेवता दोन काटकोनी वळणे घेऊन आत जाण्याची रचना रूढ झाली आहे. तिने नजर अडते, सामान घेऊन जाता येते आणि नुकतेच धुतलेले हात पुन्हा मुठीला लावावे लागत नाहीत. मात्र तिला जागा जास्त लागते आणि आतला आवाज बाहेर येतो, त्यामुळे शांत कार्यालयाच्या मजल्यावर ती जशीच्या तशी उचलणे मला योग्य वाटत नाही.

क्युबिकलचे (कमोड असलेल्या एकेका बंदिस्त खणाचे) 900 मि.मी. रुंदी आणि 1500 मि.मी. खोली हे आकडे कागदावर व्यवस्थित दिसतात. कमोड भिंतीपासून साधारण 550 ते 700 मि.मी. पुढे येतो आणि दाराची फळी 600 मि.मी. असते. दार आत उघडणारे असेल तर ते लावून घेण्यासाठी वीत-दीड वीत जागेत अंग चोरून बाजूला सरकावे लागते, आणि खांद्याला पिशवी किंवा हाताशी मूल असेल तर तेही जमत नाही. दार बाहेर उघडावे, तर ते मार्गिकेतून जाणाऱ्याला लागते, म्हणून मार्गिका रुंद करावी लागते. त्यातच आत कुणी भोवळ येऊन पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. बाहेरून उचलून काढता येतील अशा बिजागऱ्या बसवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे, पण खरेदीच्या यादीत त्या क्वचितच असतात.

हात धुणे, कोरडे करणे आणि बाहेर पडणे हा क्रम जागेतही तसाच असायला हवा. हात वाळवण्याचे यंत्र किंवा कागदी रुमालांची पेटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर प्रत्येक जण ओले हात झटकत खोली ओलांडतो आणि दिवसभर फरशी ओली राहते. मग तेथे 'फरशी ओली आहे' अशी पिवळी पाटी कायमची मुक्कामाला येते.

नळकाम, देखभाल आणि प्रत्यक्ष सफाई या क्षेत्रांतील सदस्यांनी आवर्जून लिहावे, अशी विनंती आहे. आमच्या व्यवसायात त्यांचे म्हणणे इमारत उभी राहिल्यावर ऐकायला मिळते.

ओलंबा

महत्त्वाचा विषय आहे. मी नळकामाचे आराखडे करतो, त्यामुळे फरशीच्या खालच्या बाजूने लिहितो.

आडव्या नळाला उतार लागतो आणि उतार उंची खातो. कमोड उभ्या नळापासून 6 मीटर दूर ठेवला आणि 1:50 उतार धरला, तर नळाच्या दोन टोकांत 120 मि.मी. फरक पडतो. त्यात 110 मि.मी. व्यासाचा नळ आणि वळणांचे जोड मिळवले की खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमधील पाव मीटरहून अधिक उंची संपते. नेमक्या त्याच उंचीत वातानुकूलनाचे डक्ट, आगीच्या फवाऱ्यांचे नळ आणि केबलच्या पट्ट्या जात असतात. वाद झाला की उतार कमी केला जातो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. पुढची अनेक वर्षे तो नळ तुंबत राहतो आणि ठपका वापरणाऱ्यांवर येतो.

त्यात आता फ्लशचे पाणी कमी झाले आहे. 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात दोन बटणांची फ्लश टाकी आली. अमेरिकेने 1992 च्या ऊर्जाविषयक कायद्याने एका फ्लशला सुमारे 6 लिटर अशी मर्यादा घातली. हल्ली त्याहूनही कमी पाण्याचे कमोड सर्रास बसवले जातात. पाण्याची बचत व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. परंतु कमी पाणी मैला कमी अंतर वाहून नेते, म्हणून असे कमोड उभ्या नळाच्या जितके जवळ तितके चांगले. जुन्या लांबलचक नळावर नवे काटकसरी कमोड बसवले की बचतीचे पाणी तुंबलेला नळ मोकळा करण्यात जाते.

दुसरा मुद्दा ट्रॅपचा आहे. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये ज्या फ्लशच्या शौचकूपाचे पेटंट घेतले, त्याच्या नळाला एस आकाराचा वाक होता. त्या वाकात अडून राहिलेले पाणी सांडपाण्याच्या नळातील वायू वर येऊ देत नाही. आजही कितीही आधुनिक इमारत घेतली तरी आपल्यात आणि त्या वायूत सुमारे 50 मि.मी. पाण्याचाच पडदा असतो. कोपऱ्यातल्या ज्या फ्लोअर ट्रॅपमध्ये (फरशीवरच्या जाळीखालच्या अशाच वाकात) कधी पाणी जातच नाही, त्याचा हा पडदा काही आठवड्यांत वाळून जातो. सांडपाण्याच्या नळात हवा येऊ देणाऱ्या नळाची सोय अपुरी असेल तर वरच्या मजल्यावरच्या फ्लशच्या ओढीनेही तो फुटतो.

हा प्रश्न दुर्गंधीवर थांबत नाही. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात 300 हून अधिक रहिवाशांना सार्स या श्वसनरोगाची लागण झाली. अनेक घरांतील फ्लोअर ट्रॅप कोरडे पडले होते आणि न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंख्यांनी सांडपाण्याच्या नळातील दूषित तुषार घरात ओढले असावेत, असा निष्कर्ष तपासातून निघाला. संकुल निवासी होते, पण उभा नळ, ट्रॅप आणि पंखा यांचे नाते कार्यालयातही तेच असते.

म्हणून माझा आग्रह असा की प्रसाधनगृहे एकाच्या डोक्यावर एक अशी सर्व मजल्यांवर एका ओळीत यावीत आणि कमोडच्या रांगेमागे माणूस आत शिरून काम करू शकेल असा डक्ट असावा. प्रत्येक कमोडला आणि बेसिनला स्वतंत्र कॉक असावा. एक वॉशर बदलण्यासाठी सगळ्या मजल्याचे पाणी बंद करावे लागत असेल, तर तो वॉशर कुणीही वेळेवर बदलत नाही.

हिशेबनीस

चर्चा उत्तम चालली आहे, पण जो पक्ष येथे सहसा बोलत नाही त्याची बाजू मांडतो. प्रसाधनगृहाच्या प्रत्येक चौरस मीटरचे भाडे येत नाही. माणूस शिरेल एवढा डक्ट, रुंद मार्गिका, वळणदार प्रवेश, सफाईची खोली असे सगळे धरले तर प्रत्येक मजल्यावर काही चौरस मीटर जातात, आणि ते मजल्यांच्या संख्येने गुणले जातात. मालकाला कंजूष म्हणणे सोपे आहे. नियमाने ठरवलेली किमान संख्या पूर्ण केल्यावर आणखी जागा का द्यावी, याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यावे.

रांगेतली

हिशेबनीस यांनी हिशेब मागितला आहे, तो रांगेपासून देते. संख्याशास्त्र शिकवते, म्हणून हा भाग माझ्या परिचयाचा आहे.

समजण्यापुरते आकडे घेऊ. सभागृहाच्या मध्यंतरात दर मिनिटाला 4 स्त्रिया आणि 4 पुरुष येतात. स्त्रीला आत सरासरी 90 सेकंद लागतात, पुरुषाला 45 सेकंद. येण्याचा वेग आणि लागणारा वेळ यांचा गुणाकार केला की एका क्षणी सरासरी किती जागा व्यापलेल्या असतील, ते मिळते. स्त्रियांसाठी ते उत्तर 6 येते, पुरुषांसाठी 3. आता 'समान न्याय' म्हणून दोघांना सहा-सहा जागा दिल्या, तर पुरुषांकडे निम्म्या जागा रिकाम्या राहतात आणि स्त्रियांकडे सरासरी मागणीच उपलब्ध जागांइतकी असते. अशा स्थितीत रांग स्थिरावत नाही. कुणाला थोडा जास्त वेळ लागला, दोघी-तिघी एकदम आल्या, की रांग वाढते आणि मध्यंतर संपेपर्यंत वाढतच राहते. तेथे 8 किंवा 9 जागा केल्या तर प्रतीक्षा झपाट्याने खाली येते. भरलेल्या व्यवस्थेत शेवटच्या दोन-तीन जागांचे मोल पहिल्या पाच जागांहून जास्त असते, ही गोष्ट सरासरीत दिसत नाही.

हे गणित जुने आहे. डेन्मार्कचे गणिती ए. के. अर्लांग यांनी 1909 आणि 1917 च्या आपल्या लेखांत ते टेलिफोन एक्सचेंजसाठी मांडले: किती लाइनी ठेवल्या तर किती लोकांना थांबावे लागेल. टेलिफोनसाठी ते शतकभर वापरले गेले. प्रसाधनगृहांच्या बाबतीत मात्र क्षेत्रफळ समान वाटले की न्याय झाला, असे मानले जाते. क्षेत्रफळ समान ठेवले तरी प्रत्यक्षात पुरुषांना जास्त जागा मिळतात, कारण एका क्युबिकलच्या जागेत एकाहून अधिक युरिनल बसतात.

वेळ जास्त का लागतो, याचे स्पष्टीकरण द्यावे लागू नये, तरी देते. प्रत्येक वेळी क्युबिकलमध्ये जावे लागते, कपड्यांना वेळ लागतो, मासिक पाळी असते, गरोदरपण असते, आणि लहान मुलांना व वृद्धांना सोबत नेण्याचे काम बहुतेक वेळा स्त्रियांकडेच आलेले असते. या कारणांपैकी एकही रचनाकाराला आधी माहीत नव्हते, असे म्हणता येत नाही.

आता भाड्याचा मुद्दा. दुकानसंकुलात रांगेत उभी असलेली व्यक्ती त्या वेळात काही विकत घेत नाही, आणि बाहेर सामान धरून थांबलेले तिचे कुटुंबही घेत नाही. हा तोटा हिशेबाच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहिला जातो, ते मला कळले तर आवडेल.

ओलंबा

रांगेतली यांच्या प्रतिसादाला पुरवणी जोडतो. नळांचा व्यास ठरवतानाही संभाव्यतेचेच गणित वापरले जाते. अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील रॉय हंटर यांनी 1940 मध्ये दाखवले की इमारतीतील सगळ्या तोट्या एकाच क्षणी उघडत नाहीत, म्हणून बेरजेइतका मोठा नळ घालण्याची गरज नसते. भिंतीतल्या नळासाठी आम्ही ऐंशीहून अधिक वर्षे हे गणित मांडतो. त्याच भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसांसाठी मात्र ते मांडत नाही.

सकाळपाळी

मोठ्या इमारतींच्या सफाईच्या पाळ्या लावणे हे माझे काम आहे. धागाकर्तींनी सफाई करणाऱ्यांची आठवण ठेवली, त्याबद्दल त्यांचे आभार. प्रसाधनगृहात दिवसातून सर्वांत जास्त वेळ कोण असते, हा प्रश्न विचारला तर रचनाकारांकडून ग्राहक, कर्मचारी, अभ्यागत अशी उत्तरे येतात. सर्वांत जास्त वेळ सफाई करणारी व्यक्ती असते, आणि तिच्यासाठी नकाशात बहुधा एक चौरससुद्धा राखलेला नसतो.

परिणाम असा होतो की बादली, मॉप आणि रसायनांचे डबे अपंगांसाठी राखलेल्या क्युबिकलमध्ये ठेवले जातात, कारण तीच एक मोठी जागा असते. त्यावरून आमच्या लोकांना बोलणी बसतात. बादली कुठे भरायची आणि घाण पाणी कुठे ओतायचे, हेही ठरलेले नसते. वॉशबेसिनच्या नळाखाली बादली मावत नाही, म्हणून मग्याने भरावी लागते आणि भरलेली बादली उचलून कमोडमध्ये रिकामी करावी लागते. दिवसभर हे केल्यावर कंबरेचे काय होते, ते सांगायला नको. जमिनीलगतचे उथळ सिंक, त्यावर एक नळ, मॉप टांगून वाळवण्याची दांडी आणि हवा जाणारी एक फडताळाएवढी खोली, एवढीच मागणी आहे. ओला मॉप बंद जागेत राहिला की त्यालाच वास येतो आणि दुसऱ्या दिवशी तोच वास सगळ्या फरशीवर पसरवला जातो.

रसायने बंद खोलीत एकमेकांशेजारी ठेवणे धोक्याचेही आहे. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन तयार होते. हे प्रशिक्षणात शिकवले जाते, परंतु वेगवेगळी फडताळे आणि हवेची सोय नसेल तर शिकवलेले अमलात येत नाही.

आता रचनेतील काही गोष्टी. भिंतीवर टांगलेला कमोड असला की खालून मॉप सरळ फिरतो. जमिनीवर बसवलेल्या कमोडच्या पायाभोवती जी सिमेंटची कड असते, तिच्यात मूत्र मुरते आणि ती कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही. फरशी आणि भिंत जेथे मिळतात तेथे गोलाई दिलेली असावी. क्युबिकलचे पार्टिशन जमिनीपासून उचललेले असावे, मात्र त्याचे पाय कमी आणि साधे असावेत. टाइल मोठ्या घ्याव्यात आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट वापरावे, कारण साधे ग्राउट सच्छिद्र असते. युरिनलखाली जे थेंब पडतात, त्यातील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. सार्वजनिक प्रसाधनगृहाचा जो ओळखीचा वास असतो, त्याचे मोठे कारण तेच. सुगंधी वड्यांनी त्या वासात फक्त भर पडते.

फरशीबद्दल एक सूचना. घसरू नये म्हणून खूप खरखरीत टाइल घेतल्या जातात. जर्मन मानकात उतारावरच्या चाचणीने आर 9 ते आर 13 अशा श्रेणी आहेत. त्यांत जितके वर जावे तितका घसरण्याचा धोका कमी होतो, पण मळ धरण्याची शक्ती वाढते. उतार नीट असेल आणि हात वाळवण्याची सोय जागच्या जागी असेल तर मधली श्रेणी पुरते. पाणी साचू दिले तर सर्वांत खरखरीत टाइलही साबणाच्या थराने गुळगुळीत होते.

आणखी एक. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटच्या ओट्यावर पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून पांढरा डाग होतो. छायाचित्रात तो ओटा फार सुंदर दिसतो. छायाचित्रकार तासाभराने निघून जातात.

काटकोन (धागाकर्ती)

सकाळपाळी यांचा प्रतिसाद छापून कार्यालयात लावावा, असा आहे. रांगेतली यांना एक प्रश्न: प्रत्येक क्युबिकल जमिनीपासून छतापर्यंत बंदिस्त करून, सर्वांसाठी एकच रांग ठेवली तर गणित कसे बदलते?

रांगेतली

गणिताच्या बाजूने ते नक्कीच सुधारते. दोन वेगळ्या गटांऐवजी सर्व जागा एका रांगेला जोडल्या की एकीकडे रिकामी जागा आणि दुसरीकडे रांग, अशी स्थिती येऊच शकत नाही. परंतु युरिनल काढून टाकले तर पुरुषांना लागणारा वेळ वाढतो आणि फायद्याचा काही भाग तेथे जातो. शिवाय गर्दी नसलेल्या वेळी अशा सामाईक जागेत एकट्या स्त्रीला सुरक्षित वाटते का, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे. माझ्या मते बेसिनचा भाग मार्गिकेला उघडा आणि सर्वांच्या नजरेत असेल, तरच ही रचना करावी.

उंबरठा

मी चाकाची खुर्ची वापरतो. राखीव क्युबिकलमध्ये बादल्या असतात, हे सकाळपाळी यांनी सांगितलेच. त्याचे कारणही आज कळले.

नियमातली मापे पाळूनही क्युबिकल निरुपयोगी होऊ शकते, हे मला सांगायचे आहे. खुर्ची वळवण्यासाठी साधारण 1500 मि.मी. व्यासाचे वर्तुळ लागते, हे आता बहुतेकांना माहीत असते आणि नकाशावर ते ठिपक्यांच्या रेषेने काढलेलेही असते. पुढे त्याच वर्तुळात पायाने उघडण्याची कचऱ्याची पेटी येते, जी मला उघडता येत नाही आणि हलवताही येत नाही. कमोडच्या शेजारी खुर्ची लावून सरकण्यासाठी जी मोकळी जागा हवी, तेथे वॉशबेसिनचा खांब येतो. आधाराची दांडी योग्य उंचीवर असते, पण पोकळ पार्टिशनला स्क्रूने लावलेली असते. तिच्यावर भार टाकायला धीर होत नाही. दांडीमागे भरीव भिंत किंवा पोलादी चौकट हवी, आणि हे टाइल लागण्याआधी ठरवावे लागते.

अमेरिकेत 1990 च्या अपंग-हक्क कायद्याखालील मानकांत कमोडच्या बैठकीची उंची 430 ते 485 मि.मी. आणि दांडीची उंची 840 ते 915 मि.मी. दिली आहे. हे आकडे उपयोगी आहेत, परंतु मोजताना पूर्ण झालेल्या फरशीपासून मोजले पाहिजे. नंतर फरशीचा थर चढवला की सगळी मापे खाली जातात. दारातला 20 मि.मी. उंचवटाही पाणी बाहेर येऊ नये म्हणून आवश्यक समजला जातो. पुढची चाके त्यावर अडतात. त्याच्याऐवजी दारालगत जाळीची पन्हाळ द्यावी.

मदतीसाठी ओढण्याची दोरी जमिनीपर्यंत लोंबणारी हवी, कारण तिची गरज पडलेल्या माणसाला असते. बहुतेक ठिकाणी ती सफाईला अडते म्हणून गाठ मारून वर बांधलेली असते. आणि ती ओढल्यावर घंटा कुठे वाजते, हे इमारतीत कुणाला विचारले तर सहसा कुणालाच सांगता येत नाही.

ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्या वतीनेही एक वाक्य लिहितो: पांढरी भिंत, पांढरी फरशी आणि पांढरा कमोड असेल तर कमोड सापडत नाही. भिंतीचा किंवा बैठकीचा रंग वेगळा ठेवायला खर्च येत नाही.

तिसरा मजला

मी इमारतीची देखभाल पाहतो. हवेबद्दल कुणी सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

प्रसाधनगृहातील हवेचा दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा थोडा कमी असावा, म्हणजे हवा आत येते आणि वास बाहेर जात नाही. अ‍ॅश्रे 62.1 या हवा खेळती ठेवण्याविषयीच्या अमेरिकी मानकात सार्वजनिक प्रसाधनगृहासाठी प्रत्येक कमोड किंवा युरिनलमागे सेकंदाला 25 ते 35 लिटर हवा बाहेर टाकावी, असे आहे. म्हणजे अशा 10 जागा असतील तर सेकंदाला किमान 250 लिटर. पंखा तेवढ्या क्षमतेचा आणला जातो, परंतु तेवढीच हवा आत येण्यासाठी दाराखाली फट किंवा जाळी ठेवायला विसरतात. घट्ट बसणाऱ्या दाराआड पंखा नुसता घुमत राहतो, वीज जळते, हवा हलत नाही. काही ठिकाणी तर वाट शोधणारी हवा कोरड्या फ्लोअर ट्रॅपमधून येते. ओलंबा यांनी सांगितलेल्या घटनेचे मूळ हेच आहे.

सेन्सरच्या नळांविषयी माझे मत बहुतेकांना आवडणार नाही. हात न लावता पाणी येते, हे खरे आणि चांगले आहे. परंतु त्यांच्या आत बारीक झडपा असतात आणि प्रवाह कमी असतो, त्यामुळे पाणी साचून राहण्याला वाव मिळतो. 2011 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील संशोधकांनी केलेल्या तपासणीत सेन्सरच्या नळांच्या सुमारे निम्म्या नमुन्यांत लिजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढले, साध्या नळांत ते प्रमाण 15 टक्के होते. लिजिओनेलाचे नाव 1976 मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात झालेल्या संमेलनानंतरच्या साथीमुळे पडले. तो साधारण 25 ते 45 अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात चांगला वाढतो. म्हणून गरम पाण्याची टाकी 60 अंशांवर ठेवावी, ज्या नळांना कुणी हात लावत नाही ते ठरावीक दिवशी सोडावेत, आणि आराखड्यात पुढे कधी लागतील म्हणून बंद तोंडाचे पाइप लटकत ठेवू नयेत. कार्यालयासाठी दाबून सोडल्यावर आपोआप बंद होणारा साधा नळ मला अधिक भरवशाचा वाटतो. तो कुणीही दुरुस्त करू शकतो.

प्रकाशाबद्दल थोडक्यात: युरोपीय मानकात प्रसाधनगृहासाठी 200 लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) दिले आहेत, पण सगळे दिवे छतात मध्यभागी लावले तर क्युबिकलमध्ये अंधार आणि आरशात चेहऱ्यावर सावल्या पडतात. हालचालीवर चालणारे दिवे लावताना क्युबिकलमध्ये शांत बसलेला माणूस सेन्सरला दिसत नाही, याचा विचार व्हावा.

हिशेबनीस

रांगेतली यांच्या रकान्याच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. नव्या इमारतीसाठी हे सारे मान्य करायला मी तयार आहे, अगदी डक्टसकट. सर्व मजल्यांवर एकाच जागी प्रसाधनगृह आले तर नळांची लांबी वाचते, हेही माझ्या लक्षात आले आहे. परंतु बहुतेक इमारती आधीच उभ्या आहेत आणि भाडेकरू आत आहेत. तेथे स्लॅब फोडता येत नाही. अशा जागी काय करावे, आणि कोणत्या क्रमाने?

तिसरा मजला

पंख्यापासून सुरुवात करावी. एक्झॉस्टच्या जाळीला पातळ कागद लावून पाहावा. तो चिकटून राहिला नाही तर जाळी, डक्ट किंवा हवेची वाट यांपैकी काहीतरी बंद आहे. तसाच कागद दाराच्या फटीशी धरावा, तो आतल्या बाजूला झुकला पाहिजे. प्रत्येक फ्लोअर ट्रॅपमध्ये आठवड्याला बादलीभर पाणी ओतण्याचे काम कुणाच्या तरी नावावर लिहून द्यावे. वासाच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात आणि याला भांडवली खर्च नाही.

सकाळपाळी

त्यानंतर प्रत्येक क्युबिकलमध्ये झाकणाची पेटी, पिशवी ठेवण्यापुरती फळी आणि दाराच्या बाजूच्या भिंतीवर खुंटी लावावी. दाराच्या माथ्याजवळ लावलेल्या खुंटीवरची पिशवी वरून हात घालून उचलता येते. सांध्यांतील जुने ग्राउट खरवडून इपॉक्सी भरण्याचे काम सुटीच्या दोन दिवसांत होते. सफाईची खोली नसेल तर एखादे युरिनल काढून त्याच्या सांडपाण्याच्या जोडावर जमिनीलगतचे सिंक बसवावे, भोवती पार्टिशन उभारावे.

ओलंबा

ते शक्य आहे, पण सिंकला स्वतःचा ट्रॅप आणि केस-गाळ अडवणारी जाळी द्यावी. बादलीतील पाणी एकदम ओतले जाते, आणि युरिनलचा जोड त्या मानाने अरुंद असतो; शिवाय जुन्या जोडात क्षार साठून तो आणखी अरुंद झालेला असतो. आधी तो उघडून साफ करावा, बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जाते ते पाहावे आणि मगच पार्टिशन उभारावे.

उंबरठा

हे सिंक झाले की राखीव क्युबिकलमधल्या बादल्या त्याच दिवशी हलवाव्यात, आणि दोरीची गाठही त्याच वेळी सोडावी.